शब्दचर्चा : ठिणगी ‘आगाऊ’, ‘पुढे’ की ‘आधी’?

दांडिया बाजार
मंडळी, एक घरगुती अडचण आहे. माझा आतेभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याने १९८६ची पोर्शे ९४४ टर्बो घेतली आहे आणि आता तिच्या ठिणगीचं आणि पेट्रोलचं सेटिंग स्वतःच करायला बसला आहे. इकडे वडोदऱ्यात त्याचे वडील, आमचे अण्णा. त्यांची हयात फियाट आणि अँबेसिडरची टायमिंगं लावण्यात गेली. रविवारी बापलेक फोनवर बसतात. तो लॅपटॉपवरचे आकडे वाचतो आणि हे सल्ला देतात. परवा अण्णा म्हणाले, “टायमिंग जरा कमी कर.” त्याने केलं ते नेमकं उलटं. नशीब, गाडी उभीच होती.

दोघांसाठी एका पानाचा मराठी तक्ता करायचा आहे : अ‍ॅडव्हान्स, रिटार्ड, रिच, लीन, नॉक, मॅप. कोशात पहिल्या दोघांना ‘आगाऊ’ आणि ‘विलंबित’ सापडले. चालतील?

ऱ्हस्वदीर्घ
न चालायला काय झालं? आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना म्हणतो, तशी आगाऊ ठिणगी. ‘विलंबित’ तर गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय तुम्ही सयाजीराव महाराजांच्या गावचे. राज्यकारभाराच्या शब्दांसाठी १९३१ साली शासनशब्दकल्पतरू छापून काढणारं संस्थान ते. तिथल्या माणसाने ‘टायमिंग कमी कर’ म्हणावं?

दट्ट्या
त्याच महाराजांच्या काळात, १८९०मध्ये, कलाभवनही निघालं होतं. कारागिरी मातृभाषेत शिकवायची, ही त्यामागची कल्पना. कचेरीतला शब्द कागदावर बसला की झालं, कारखान्यातला शब्द मात्र लेथच्या आवाजात ओरडून सांगता यावा लागतो. ‘विलंबित’ ओरडून बघा एकदा.

मी आयटीआयमध्ये शिकवायचो. पुस्तकात दट्ट्या (पिस्टन), झडप (व्हॉल्व्ह), संपीडन (कॉम्प्रेशन) असे शब्द होते. झडप पोरांच्या तोंडी बसला, संपीडन परीक्षेपुरता राहिला. आणि दट्ट्या माझ्याच नावाला चिकटला, ते असो.

मकरपुरा ताई
मी इंजिनांच्या कॅलिब्रेशनचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘कमी कर’चा घोटाळा बघू. टायमिंग म्हटलं की वेळ वाटते, पण मोजतात तो कोन. पिस्टन अगदी वर पोचतो त्या जागेला गॅरेजमध्ये नुसतं ‘टॉप’ म्हणतात. त्या टॉपच्या किती डिग्री अलीकडे ठिणगी पडते, ते म्हणजे टायमिंग. २४चे २० केले की आकडा कमी झाला आणि ठिणगी उशिरा पडली. अण्णांना तेच हवं होतं. मुलाने ‘वेळ कमी’ असं ऐकलं आणि ठिणगी लवकर केली. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

टॉपच्या आधी ठिणगी का, तर पेट्रोल-हवा एका झटक्यात जळत नाही. ज्योत पसरायला मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद जातात. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा) एका मिलिसेकंदात १८ डिग्री फिरतो, ६०००वर ३६. टॉप ओलांडल्यावर साधारण १२ ते १५ डिग्रींवर दाब सर्वांत जास्त असला तर पिस्टनला चांगला रेटा मिळतो, म्हणून ठिणगी अलीकडे न्यायची. फेऱ्या दुप्पट झाल्या म्हणून कोन दुप्पट लागत नाही, कारण वेगाबरोबर आतली घुसळणही वाढते आणि ज्योत जलद पळते. टर्बोने हवा कोंबली की मिश्रण आणखी लवकर जळतं, शिवाय नॉकिंगची, म्हणजे उरलेलं मिश्रण आपसूक पेटण्याची भीती. म्हणून बूस्ट (टर्बोचा दाब) चढेल तशी ठिणगी उशिरा करत जायची. साध्या फियाटवाल्याला ‘जितकी लवकर तितकी पिकप’ ही सवय असते. टर्बोवर ती सवय पिस्टन खाते.

आता शब्द. ‘पुढे-मागे’ तक्त्यात अजिबात घेऊ नका. घड्याळ पुढे केलं तर ते लवकर वाजतं, पण लग्न पुढे गेलं तर ते उशिरा होतं. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ, आणि दोन्ही रोजच्या बोलण्यातले. ‘ठिणगी पुढे घे’ यावर लेस्टरला काय होईल, देव जाणे.

‘आगाऊ’ला माझी हरकत वेगळी आहे. ठिणगी पडायच्या आतच एखाद्या लालबुंद प्लगच्या टोकाने किंवा काजळीच्या निखाऱ्याने मिश्रण पेटतं, त्याला प्री-इग्निशन म्हणतात. मराठीत त्याला ‘आगाऊ पेट’ इतकं चपखल दुसरं काही सुचत नाही, ‘आगाऊ’च्या दोन्ही अर्थांनी! तो शब्द त्या आजारासाठी राखून ठेवा. ठिणगीला ‘आधी’ आणि ‘उशिरा’ पुरे.

दट्ट्या
अगदी. आणि आपल्या गावचा गुजराती मिस्त्रीही ‘वहेलुं-मोडुं’ म्हणतो. ‘आगळ-पाछळ’ म्हणाला तर परत विचारून घ्यावं लागतं. आधी-उशिरा हे त्याचंच मराठी रूप झालं.

एक भर घालतो. गॅरेजमध्ये ‘टायमिंग’ म्हणजे कॅमचा (झडपा उघडणाऱ्या दांड्याचा) पट्टाही. ‘टायमिंग बांधलं’ म्हणजे पट्टा किंवा चेन खुणा जुळवून बसवली. ९४४चा पट्टा एक दातही चुकीचा बसला तर प्रकरण महागात जातं. पट्टा तुटलाच तर पिस्टन सरळ झडपांना भिडतो. तेव्हा तक्त्यात ‘ठिणगीचं टायमिंग’ असं पूर्ण लिहा, नुसतं टायमिंग नको.

दांडिया बाजार
काका, अण्णा सारखं ‘डिस्ट्रिब्युटर जरा फिरव’ म्हणतात. तो म्हणतो, फिरवायला काही नाहीच.

मकरपुरा ताई
त्याचं खरं आहे. पद्मिनीत बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर फिरवला की ठिणगी सरकते. ९४४मध्ये तो कॅमच्या टोकाला असतो आणि ठिणगी नुसती वाटतो. ती कधी द्यायची ते मोट्रॉनिक, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर ठरवतो, फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरांवरून. बदल चिपमध्ये होतो. तेव्हा ‘फिरव’ क्रियापद या गाडीपुरतं बाद. ‘घर बदल’ म्हणा.

घर का, तर मॅपला ‘नकाशा’ म्हणू नका. ते कोष्टक आहे : एका बाजूला फेऱ्या, दुसऱ्या बाजूला हवेचा भार, आणि प्रत्येक घरात एक कोन. इंजिन दोन घरांच्या अधेमधे असलं की कंप्युटर मधली किंमत काढतो. म्हणून एकाच घरात ४ डिग्री बदलून शेजारची घरं तशीच ठेवली तर गाडी हिसके देते. अण्णा हिशेबाच्या वह्या वापरलेले आहेत, कोष्टक म्हटलं की लगेच कळेल त्यांना.

ऱ्हस्वदीर्घ
‘आगाऊ’ मागे घेतो. (‘पुढे’ नाही घेत!) पण रिच आणि लीनला ‘समृद्ध’ आणि ‘क्षीण’ तरी ठेवाल?

दट्ट्या
समृद्ध मिश्रण म्हणजे सरकारी योजना वाटते हो. दाट आणि पातळ. आमटीसारखं : दाट म्हणजे पेट्रोल जास्त, पातळ म्हणजे हवा जास्त. अण्णा बहुतेक ‘ओव्हर मारते’ म्हणत असतील, पण ओव्हर म्हणजे प्लग भिजेपर्यंत दाट. टर्बोला थोडं दाट हवंच असतं, त्याला ओव्हर म्हणून कसं चालेल?

मकरपुरा ताई
बरोबर. दाट-पातळला माझं मत. पण इथेही आकडा उलटा चालतो, तेवढं तक्त्यात ठळक करा. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग, तो हा आकडा. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १४.७ भाग हवा लागते. पूर्ण बूस्टवर ट्यूनर ते साधारण ११.५ ते १२वर ठेवतात, म्हणजे दाट. जास्तीचं पेट्रोल आतला ताप उतरवतं. मिश्रणाचा मीटर १२वरून १३वर ‘वाढला’ म्हणजे मिश्रण पातळ झालं, आणि पूर्ण बूस्टवर ते धोक्याचं. तेव्हा ‘वाढव’, ‘कमी कर’ हे शब्द एकटे बोलायचेच नाहीत. ‘पेट्रोल वाढव’ म्हणा, ‘ठिणगी दोन डिग्री उशिरा कर’ म्हणा.

दुसरं म्हणजे इंधन. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, आपल्याकडे आता ई२०. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून पुरतं जळायला हवा कमी लागते : ई१०ला साधारण १४.१, ई२०ला साडेतेराच्या आसपास. पण मीटर मोजतो ते खरं म्हणजे लॅम्डा. पुरतं जळण म्हणजे १, दाट म्हणजे १च्या खाली. त्याला १४.७ने गुणून तो आकडा दाखवतो, टाकीत काहीही असो. लेकाला लॅम्डाच वाचायला सांगा. पूर्ण बूस्टवर ०.८च्या आसपास. लॅम्डाला मराठी शब्द शोधू नका, ग्रीक अक्षर आहे, राहू दे.

दांडिया बाजार
आणि नॉक?

दट्ट्या
ठोका. पद्मिनीत चढावर टॉप गिअरला पाय दाबला की टिणटिण यायची, तीच. ठिणगी पडून गेल्यावर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आपसूक पेटतं, तो ठोका. ताईंचा ‘आगाऊ पेट’ ठिणगीच्या आधीचा, हा नंतरचा. एकातून दुसरा उद्भवतो, पण इलाज वेगळे. ठोक्याला ठिणगी उशिरा करून उतार पडतो. आगाऊ पेटाला ठिणगीशी काय घेणंदेणं? तिथे प्लग थंड जातीचा घाला, काजळी काढा.

मकरपुरा ताई
९४४ टर्बोत ठोका ऐकायला ब्लॉकवर सेन्सर आहे आणि त्याच्यासाठी केएलआर नावाचा वेगळा डबा. ठोका ऐकला की तो ठिणगी उशिरा करतो, तेवढ्याने भागलं नाही तर बूस्ट उतरवतो. गाडी अचानक मेल्यासारखी वाटली तर कोष्टकाला हात लावण्याआधी डबा काय करतोय ते बघायला सांगा.

ऱ्हस्वदीर्घ
राहिला बूस्ट. ‘दाब’ म्हणायला कुणाची हरकत नसावी.

मकरपुरा ताई
दाब ठीक, पण कुठून मोजलेला ते सांगायचं. ९४४ टर्बोच्या डॅशवरचा काटा बाहेरच्या हवेसकट दाब दाखवतो. इंजिन बंद असताना तो १ बारवर असतो, आणि पूर्ण बूस्टला १.७च्या आसपास जातो. बाजारात मिळणारा वेगळा मीटर त्याच वेळी ०.७ दाखवेल, कारण तो शून्यापासून मोजतो. मुलगा ‘दाब पॉइंट सात’ म्हणाला तर अण्णांनी आधी विचारायचं, गाडीच्या काट्यावर की नव्या मीटरवर. गाडीच्या काट्यावर ०.७ असेल तर पाय पॅडलवरून अर्धा वरच आहे.