हौशी डॉग शो : नियम कोणते ठेवायचे, वाद कुठे होतात? (अनुभव धागा)

थंडी पडली की ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून नेरूळ-खारघरच्या मैदानांपर्यंत हौशी डॉग शो भरू लागतात. भटक्या कुत्र्यांच्या लसी, निर्बीजीकरण, उपचार यांसाठी निधी जमवणं हा हेतू. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोसारखी नोंदणी आणि जातीचे निकष इथे लागत नाहीत. पग, लॅब्रेडॉर आणि गेटवरचा मोती एकाच रिंगणात उभे राहतात. मजा त्यातच आहे आणि भांडणाचं मूळही त्यातच, कारण "सर्वांत गोड कुत्रा" ठरवायचा कसा हे कुठेच लिहिलेलं नसतं. ज्यांनी प्रवेशाचं टेबल, रिंग, गुणपत्रिका किंवा हिशेब सांभाळला आहे त्यांनी लिहावं. किस्से नकोत, कृती हवी: किती फूट, किती मिनिटं, कुठे फसतं आणि का.

प्रवेशाचं टेबल, नेरूळ

निम्मे वाद टेबलावरच मिटवता येतात. लसीचं पुस्तक मूळ प्रत मागा. फोटो आणला असेल तर पहिल्या पानासकट हवा, म्हणजे रंग, नर-मादी, वय समोरच्या कुत्र्याशी ताडून पाहता येतं. रेबीजची लस वर्षाच्या आतली हवी, लसीच्या बाटलीचा स्टिकर आणि डॉक्टरांची सही हवी. पहिलीच लस असेल तर तिला किमान २१ दिवस झालेले हवेत. सहा महिन्यांखालचं पिल्लू नको, प्रेक्षकांत कडेवर घेऊनसुद्धा नको. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लसी पुऱ्या न झालेल्या पिल्लालाच तो सर्वांत आधी गाठतो.

मग हाताने तपासणी, एका कुत्र्याला एक मिनिट. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड, कानाच्या कडेला आणि कोपरावर खरजेचे चट्टे, खोकला, डोळ्यांतून घाण.

माजावर आलेली मादी घ्यायची नाही, हा नियम सगळे लिहितात. पण फी परत देणार की नाही ते लिहीत नाहीत. फी बुडणार असेल तर लोक सांगत नाहीत, आणि पहिल्या वर्गातच (एकेका स्पर्धेला वर्ग म्हणतात) सगळे नर खेचाखेच करायला लागतात. म्हणून फॉर्मवर ठळक छापा: माजावर आली, आजारी पडली, तर पूर्ण फी परत, प्रश्न विचारले जाणार नाहीत. "आधी कुणाला चावला आहे का" या प्रश्नाचंही तसंच. हो लिहिणाऱ्याला हाकलू नका, रिंगच्या कडेची जागा आणि तोंडाला जाळी द्या. खरं सांगणाऱ्याचं नुकसान झालं की पुढच्या वेळी कुणीच खरं सांगत नाही.

एका कुत्र्याला जास्तीत जास्त तीन वर्ग. प्रवेश पहिल्या वर्गाच्या अर्धा तास आधी बंद, आणि तो प्रायोजकांच्या कुत्र्यालाही बंद.

रिंग सांभाळणारा, कासारवडवली

वरच्या ताईंच्या मुद्द्यांना जोडून जागेचं सांगतो. आठ कुत्र्यांसाठी ३० फूट बाय ३० फूट रिंग पुरते, त्याहून लहान नको. बांबू आणि हिरवी जाळी चालते, नुसती दोरी चालत नाही. दोरी माणसाच्या कमरेला असते, कुत्र्याच्या डोळ्याला नाही. बाहेरून तीन फुटांवर दुसरी दोरी बांधा म्हणजे प्रेक्षकांतली कुत्री जाळीला नाक लावत नाहीत.

आत जायचं आणि बाहेर यायचं दार वेगवेगळं ठेवा, शक्यतो समोरासमोरच्या बाजूंना. एकच दार असलं की बाहेर पडणारा आणि आत येणारा अरुंद जागेत नाकाला नाक लावून भेटतात, दोन्ही पट्टे ताणलेले असतात, मागे वळायला वाव नसतो. मैदानातली बहुतेक भांडणं इथे होतात, रिंगच्या मधोमध नाही.

पट्टा चार ते सहा फुटांचा, साधा. गुंडाळीचा पट्टा नको, त्याचं लॉक ऐन वेळी सुटतं आणि दोरीने बोटं कापतात. आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा अजिबात नको. दोन कुत्र्यांत दोन मीटर अंतर. त्यासाठी जमिनीवर फक्कीने खुणा करून ठेवा, तोंडी "लांब उभे राहा" कुणी ऐकत नाही. लहान चणीची कुत्री आधी, मोठी नंतर, एकत्र नको.

रिंगच्या चारही कोपऱ्यांत पाण्याची बादली आणि एक प्लायवुडची फळी. भांडण लागलं तर गळपट्ट्याला हात घालायचा नाही, चावे तिथेच बसतात. दोघांच्या मधे फळी सारायची.

गुरगुरलं की लगेच बाद, असं लिहू नका. गुरगुरणं हा इशारा आहे. पहिल्यांदा अंतर वाढवा, दुसऱ्यांदा झालं तर शांतपणे बाहेर. माइकवरून नंबर पुकारायचा नाही.

परीक्षकांचं वेळापत्रक आणि गुणपत्रिका, ठाणे पूर्व

न्यायाचा खरा प्रश्न इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

परीक्षक तीन असावेत आणि त्यांच्या हातात मालकांची नावं नसावीत, फक्त दंडावरचा नंबर. ज्या वर्गात नातेवाइकाचं, आपल्याच इमारतीतलं, किंवा आपण विकलेलं पिल्लू असेल त्या वर्गापुरतं परीक्षकाने उठायचं आणि राखीव परीक्षकाने बसायचं. हे आदल्या दिवशी नोंदणीची यादी बघून ठरतं, त्या सकाळी नाही. भागातल्या डॉक्टरांना परीक्षक करायची पद्धत आहे, ती मोडा. रिंगमधली निम्मी कुत्री त्यांच्याकडेच जातात. डॉक्टर कितीही सचोटीचे असोत, हरलेल्याला वशिलाच दिसणार. त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवा, तिथे त्यांची जास्त गरज असते.

दहापैकी गुण देऊन बेरीज करू नका. एक परीक्षक सगळ्यांना ७ ते ८ देतो, दुसरा २ ते १० पर्यंत फिरतो. मग निकाल एकट्या दुसऱ्याचा होतो. त्याऐवजी प्रत्येकाने क्रम लावावा: पहिला, दुसरा, तिसरा, अगदी शेवटपर्यंत. तिघांचे क्रमांक मिळवा, सर्वांत कमी बेरीज तो विजेता. बरोबरी झाली तर मुख्य परीक्षकाचा क्रम, हे वर्ग सुरू व्हायच्या आधी माइकवर सांगायचं.

आता वर्ग. "सर्वांत आनंदी शेपटी" घ्या. प्रत्येकाला ३० सेकंद, मालकाने फक्त आवाजाने बोलवायचं, हातात खाऊ नाही. काय बघायचं? शेपटी ताठ, वर, आणि नुसतं टोक भराभर थरथरतंय, तर तो आनंद नाही, ताण आहे. पोटाखाली गेलेली शेपटी हलत असली तरी ते घाबरणं आहे. खरी आनंदी शेपटी सैल असते, पाठीच्या पातळीला, रुंद झोके घेते, आणि तिच्याबरोबर कंबर वळते, पुढचे पाय जागच्या जागी नाचतात, कान मागे पडतात. म्हणून शेपटी कापलेल्या डॉबरमनला किंवा वेटोळ्या शेपटीच्या पगला या वर्गात तोटा होऊ नये, कंबर बघा. वेग मोजत बसलात तर घाबरलेलं कुत्रं जिंकतं.

गावठी कुत्र्यांच्या वर्गात कानाची खाच हा दोष धरू नका. निर्बीजीकरण आणि लस झाल्याची ती खूण आहे, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही ती आहे. "दत्तक" वर्गात कहाणी वाचून दाखवायला लावू नका. मग स्पर्धा कुत्र्यांची न राहता निवेदनाची होते. कातडी, चाल, मालकाकडे वळून बघणं, अनोळखी हाताला सामोरं जाणं, एवढं पुरे.

"सर्वांत तब्येतदार" हे नावच काढा, "सर्वांत निरोगी" ठेवा. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या लागल्या पाहिजेत आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. अंगकाठीच्या १ (हडकुळं) ते ९ (लठ्ठ) या मापावर ४ किंवा ५ हे चांगलं, ७ च्या पुढे जाणाऱ्याला बक्षीस मिळालं तर सगळी सोसायटी आपापल्या कुत्र्याला जास्त पोळ्या घालेल.

बाहेरून हाका मारून, शिट्ट्या वाजवून रिंगमधल्या कुत्र्याचं लक्ष वेधणं याला शोच्या भाषेत डबल हँडलिंग म्हणतात. एकदा ताकीद, नंतर तो नंबर शेवटच्या क्रमावर.

चॅम्पियन कुत्री घ्यायची का, हे दरवर्षी विचारलं जातं. इंग्लंडमधल्या धर्मादाय कम्पॅनियन शोमध्ये, म्हणजे तिथल्या हौशी शोमध्ये, चॅलेंज सर्टिफिकेट (चॅम्पियन होण्यासाठी लागणारं प्रमाणपत्र) मिळालेल्या कुत्र्याला जातिवंतांच्या वर्गात प्रवेश नसतो. आपणही तेच करावं. त्यांना प्रात्यक्षिकाला बोलवा, मान द्या, स्पर्धेत नको.

खेळांचे वर्ग, खारघर

धावत बोलावण्याच्या शर्यतीत १५ मीटर पुरेत. सुरुवातीला सगळ्या कुत्र्यांना एकाच स्वयंसेवकाने धरायचं. मालकाचा मित्र धरतो तेव्हा नकळत ढकलतो. दोन स्टॉपवॉच, दोन्ही वेळांची सरासरी.

संगीत खुर्चीत कुत्रं कधी "बसलं" धरायचं ते आधी सांगा: ढुंगण जमिनीला टेकून तीन सेकंद. मालकाने पाठ दाबली तर बाद.

खाऊच्या वाटेवरून न थांबता चालायचा खेळ असेल तर वाट्या, खाऊ आणि प्रमाण सगळ्यांना एकसारखं, आणि दर कुत्र्यामागे वाटी बदला. आधीच्याची लाळ लागलेली वाटी पुढच्याला जास्त खेचते. खाऊत चॉकलेट, मनुका-द्राक्षं, कांदा-लसूण नको. बिनसाखरेच्या पीनट बटरमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असू शकतं, ते कुत्र्यांना विषारी आहे, डबा वाचल्याशिवाय वापरू नका.

लहान मुलं कुत्रं धरणार असतील तर दुसरा पट्टा मोठ्या माणसाच्या हातात.

माइक, वर्तकनगर

टाळ्यांवर निकाल लावू नका. ज्याची इमारत जवळ त्याचा कुत्रा जिंकतो. ऑनलाइन लाइक्सचंही तेच. पैसे टाकून मत द्यायची पेटी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, निधी चांगला जमतो, पण त्या बक्षिसाला "लोकांची पसंती" म्हणा, "सर्वोत्तम" नाही.

प्राण्यांची डॉक्टर, सीवूड्स

ऊन हाही न्यायाचाच प्रश्न आहे. सकाळी सातला सुरू करून साडेनवाला शेवटचा वर्ग संपला पाहिजे. खाडीकाठच्या दमट हवेत कुत्र्याला धापा टाकूनही अंग थंड करता येत नाही, कारण जिभेवरचं पाणी वाळतच नाही. सिमेंटवर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर तिथे वर्ग नाही, गवतावर न्या. पग, बुलडॉग, शित्झू या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे वर्ग सर्वांत आधी, आणि सेंट बर्नार्ड, हस्की या दाट केसांच्या कुत्र्यांचेही. दुपारी ठेवलेल्या "सर्वोत्तम" फेरीत गावठी कुत्रं ताजंतवानं आणि बुलडॉग आडवा, ही बरोबरीची स्पर्धा नव्हे.

नियमांत लिहा: कुठलाही मालक कधीही कुत्र्याला सावलीत नेऊ शकतो, दहा मिनिटांत परत आला तर क्रम शाबूत.

शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४० च्या पुढे गेलं, हिरड्या गडद लाल झाल्या, चालताना तोल जाऊ लागला तर स्पर्धा विसरा. नळाचं पाणी पोटावर, मांड्यांवर ओतत राहा, पंखा लावा, आणि थंड करत करतच दवाखाना गाठा. अंगाभोवती ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते.

हिशेब, वाशी

पैसे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेच्याच खात्यात जावेत. क्यूआर कोड संस्थेचा, आयोजकाच्या मोबाइलचा नाही. प्रवेश फी ही देणगी नव्हे, तिची ८०जीची (देणगीवरच्या आयकर सवलतीची) पावती मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. तिच्या वर स्वखुशीने दिलं ती देणगी. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिली तर त्यावर ८०जीची सवलत मिळत नाही, हे टेबलावर लिहून ठेवा. शेवटच्या वर्गाआधी फळ्यावर तीनच आकडे: जमा, खर्च, उरले किती. प्रायोजकाच्या नावाच्या चषकासाठी प्रायोजकाच्या घरचं कुत्रं उतरवू नये.

तक्रारी आणि निकाल, कळवा

तक्रार निकालानंतर दहा मिनिटांत, लेखी, आणि फक्त कामकाजाबद्दल: नंबर चुकला, वेळ चुकीची मोजली, पट्टा नियमाबाहेरचा होता. "माझा जास्त गोड आहे" ही तक्रार नव्हे, तो परीक्षकांचा अधिकार. निर्णय परीक्षकांनी न देता, त्या वर्गाशी संबंध नसलेल्या दोघांनी द्यावा.

निकाल तिसऱ्यापासून वर जाहीर करा. माइकवाल्याने नाव वाचण्याआधी चिठ्ठीवरचा नंबर रिंगमधल्या दंडावरच्या नंबराशी डोळ्यांनी ताडून बघायचा, दर वेळी. १६ आणि १९ घाईतल्या अक्षरात सारखेच दिसतात, म्हणून आकड्याशेजारी अक्षरीही लिहा. रिबीन एकदा गळ्यात पडली आणि चूक निघाली तर ती काढून घेऊ नका. दुसरी रिबीन जवळ ठेवलेली असावी, दोघांनाही पहिला द्या आणि चूक माइकवर कबूल करा. म्हणून प्रत्येक वर्गाला एक जादा रिबीन मागवायची.