मदत हवी आहे : घट्ट वेणी, गंगावन आणि लग्नाआधीचे केराटिन, कपाळाच्या कडेचे केस कसे वाचवावेत?

रंकाळाकाठ :

नमस्कार. माझी तेवीस वर्षांची मुलगी लहानपणापासून कोल्हापुरात भरतनाट्यम शिकत आली असून आता आपल्या गुरूंच्या वर्गात धाकट्या मुलींना शिकवतेही. काही महिन्यांपासून तिच्या दोन्ही कानशिलांवरचे आणि कपाळाच्या कडेचे केस इतके विरळ झाले आहेत की केस मागे घेतले की कातडी दिसते. मागचे केस मात्र पूर्वीइतकेच दाट आहेत. तुळशीच्या लग्नानंतर तिचे लग्न आहे. तोवर उरलेले केस कसे राखावेत, हा माझा प्रश्न आहे.

कारणे सांगणारे घरीदारी पुष्कळ आहेत. शेजारच्या काकूंच्या मते ही चाई आहे, परंतु चाईचा असतो तसा गोल, गुळगुळीत चट्टा कोठेच नाही. सासूबाईंचा राग थेट पाइपलाइनच्या पाण्यावर आहे. पाणी तर साऱ्या डोक्यावर पडते, मग केस फक्त कडेचेच का जावेत, याचे उत्तर त्यांच्याकडेही नाही.

मला जे दिसते ते सविस्तर लिहिते. कार्यक्रमाच्या दिवशी जेल लावून केस चापून मागे ओढतात, पोनीच्या बुडाशी काळ्या दोऱ्याने गंगावन (जोडायचे खोटे केस) आवळतात, वेणीच्या टोकाला कुंजलम म्हणजे गोंडे, वर राकोडी हा गोल दागिना आणि ओले गजरे, असा सारा भार चार-पाच तास तिच्या डोक्यावर असतो. तालमीला रोज घट्ट अंबाडा असतो. वेणी सोडल्यावर ती दोन्ही तळहातांनी कानशिले दाबून धरते. मुळाशी घामोळ्यासारखे बारीक दाणे येतात, आणि काही केसांवर पांढऱ्या नळीसारखे आवरण दिसते, जे बोटाने केसावरून खालीवर सरकते. कोंडा म्हणावा तर तो झटकल्यावर पडला असता. आणखी एक गोष्ट मला चमत्कारिक वाटते : अगदी कडेला लवेसारख्या बारीक केसांची ओळ शिल्लक आहे आणि उघडा पट्टा तिच्या मागे आहे.

तिने पूर्वी एकदा स्मूदनिंग करून घेतले होते. आता लग्नाची तयारी पाहणाऱ्या पार्लरने आधी केराटिन (केस रसायनाने गुळगुळीत, सरळ करण्याची प्रक्रिया) करून त्यावर कायमचे एक्स्टेन्शन चिकटवण्याचा सल्ला दिला आहे. बाटलीत काय असते असे विचारले तर "फॉर्मॅलिन अजिबात नाही, सगळे ऑरगॅनिक आहे" एवढेच उत्तर मिळाले. खोके मात्र दाखवले नाही.

हे केस मुळापासून जात आहेत की मध्येच तुटत आहेत, ते परत येतात का, या अवस्थेत केराटिन करावे का, आणि नृत्य न सोडता वेणी सैल कशी घालावी, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे. कांद्याचा रस आणि नवनवी तेले सुचवू नयेत, ती सर्व घरात आहेत.

त्वचावैद्य :

ताई, तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही आपण केलेले वर्णन ओढीमुळे होणाऱ्या केसगळतीशी जुळते. वैद्यकात तिला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. कडेला उरलेली बारीक केसांची ओळ हे तिचे ओळखीचे लक्षण आहे, कारण ते आखूड केस वेणीत सापडत नाहीत आणि त्यामुळे ओढले जात नाहीत. दुखरी कानशिले, दाणे आणि सरकणारी पांढरी नळी यांचा अर्थ असा की ओढ अजून चालू आहे आणि मुळांना सूज येत आहे. डोक्यावर केसांची गाठ बांधून त्यावर पगडी बांधणाऱ्या शीख पुरुषांतही हा प्रकार आढळतो.

मुळे जिवंत असतील तोपर्यंत ओढ थांबवली की केस परत येतात. वर्षानुवर्षे ओढ चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो, आणि मग कोणतेही औषध फारसे उपयोगी पडत नाही. कातडी गुळगुळीत, चकचकीत होऊन तिच्यावरील बारीक छिद्रे दिसेनाशी झाली असतील तर वेळ घालवू नये. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा लग्नापर्यंत सगळे भरून येईल अशी आशा धरू नये.

गळलेला केस उजेडात धरून पाहावा. टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून आला आहे, आणि आखूड, चिरलेल्या टोकाचा असेल तर मध्ये तुटला आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत दोन्ही असण्याची शक्यता मला वाटते. स्मूदनिंगमध्ये थायोग्लायकोलेटने केसांतील गंधकाचे बंध तोडून, इस्त्रीने केस सरळ करून, पेरॉक्साइडने ते बंध पुन्हा जोडतात. सगळे बंध पूर्ववत जुळत नाहीत आणि केस दुबळा राहतो. रसायनाने दुबळे झालेले केस ओढून बांधले तर धोका दोन्हींच्या स्वतंत्र धोक्याहून अधिक असतो. ओल्या केसांवर इस्त्री फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो नेमका तेथेच मोडतो.

केराटिन आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मॅल्डिहाइड वायू. बाटलीवर "फॉर्मॅल्डिहाइड नाही" असे छापलेले असूनही तो वायू बाहेर पडतो, असा इशारा अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने २०११ मध्ये दिला होता. त्याला पर्याय म्हणून ज्या उत्पादनांत ग्लायॉक्झिलिक आम्ल वापरतात, त्यांनी केस सरळ केल्यावर दर वेळी मूत्रपिंडाला इजा झालेल्या एका तरुणीची माहिती फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. असे क्वचित घडते, पण खोके न दाखवणाऱ्याच्या हाती डोके देण्याचे कारण नाही. चिकटवलेल्या एक्स्टेन्शनचा भार तर रात्रंदिवस त्याच केसांवर राहतो.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण लोह कमी असेल तर भरून येण्यास वेळ लागतो. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातही दाखवता येईल. केस वाढवणारे मिनॉक्सिडिल किंवा सुजेसाठी स्टेरॉइड लागेल का, हे तेथे ठरेल; दुकानातून परस्पर आणू नये. खोबरेल तेल न्हाण्याआधी लावल्यास धुताना केसांतील प्रथिने कमी जातात, एवढाच त्याचा उपयोग. गेलेला केस ते उगवत नाही.

रंकाळाकाठ :

मनापासून आभार. आज कंगव्यातले केस पाहिले, दोन्ही प्रकारचे आहेत. केराटिन आणि एक्स्टेन्शन रद्द करते. परंतु नवरात्रात कार्यक्रम आहेत आणि गुरूंना वेणी तर हवीच.

रंगपट :

मी नृत्याच्या कार्यक्रमांना केशभूषा करते. वेणी राहू द्या, तिचा आधार बदला. पोनी वर न बांधता मानेच्या थोडी वर, मागच्या दाट केसांतच बांधा, आणि गंगावन त्याच केसांना अडकवा. कानशिलांवरचे केस त्या बंधात घेऊच नका. ते जेलने नुसते बसवून वरून काळी बारीक जाळी लावली की प्रेक्षकांना काही कळत नाही. नेत्तीचुट्टी, चंद्र आणि सूर्य या कपाळाच्या व भांगाजवळच्या दागिन्यांना पिना मारून पुढच्या केसांत खोचण्याऐवजी त्यांचे दोरे मागे नेऊन वेणीच्या बुडाशी बांधा. गजरे पाणी शिंपडून जड करू नका. रबर वापरू नका, कापडी बंध घ्या. महाद्वार रोडवर गंगावन घेताना जाड-लांब न पाहता हातावर तोलून हलके निवडा.

बांधून झाल्यावर मुलीला भुवया वर करायला सांगा. कातडी ताणली जाऊन दुखले, तर वेणी तेथेच सोडून पुन्हा घाला, कार्यक्रमाला उशीर झाला तरी चालेल. तालमीला साधी सैल वेणी पुरते, अंबाड्याची गरज नाही. कार्यक्रम संपला की घरी जाईपर्यंत न थांबता रंगपटातच सोडा.

लग्नात खोपा घालायचाच असेल तर क्लिपचा तयार खोपा मागच्या केसांवर बसवून घ्या आणि रात्री काढा. पार्लरवाली नाही म्हणाली तर दुसरी पाहा. गुरूंशीही एकदा बोलून घ्या, कारण वर्गातल्या धाकट्या मुलींचेही केस रोज तसेच आवळले जात असणार.