ट्रीमधली सर्वात मोठी बेरीज चुकतेय, मदत हवी आहे

गोदाकाठ_२१
मंडळी, दुपारपासून एकाच प्रश्नावर अडकलोय. बायनरी ट्री दिलंय, म्हणजे प्रत्येक नोडखाली (गाठीखाली) जास्तीत जास्त दोन नोड, आणि प्रत्येक नोडमध्ये एक आकडा. सर्वात मोठी बेरीज काढायची. मी डावीकडची बेरीज, उजवीकडची बेरीज आणि नोडचा आकडा मिळवून वर रिटर्न करतो. उणं आलं तर शून्य धरतो. जाताजाता सर्वात मोठी लक्षात ठेवतो. दोन टेस्ट केस पास, तिसरी फेल. परवा कॉलेजात कंपनी येतेय, प्लीज लवकर सांगा.

सातपूरकर
कशाची बेरीज? एखाद्या नोडखालच्या अख्ख्या सबट्रीची, सर्वात वरच्या रूटपासून तळाच्या लीफपर्यंतची, की कुठल्याही दोन नोडमधल्या वाटेची? तिन्ही वेगळे प्रश्न आहेत. भाषा कुठली? तिसऱ्या केसमध्ये काय यायला हवं होतं आणि काय आलं?

रात्रपाळी
इंट हा आकड्यांचा प्रकार काढून त्याहून मोठा लाँग लाँग कर. २ लाख नोड आणि प्रत्येकात अब्जाचा आकडा धरला तर बेरीज २ वर चौदा शून्यं. इंट २१४ कोटींच्या जरा पुढे संपतो. याच चुकीपायी माझी एक अख्खी परीक्षा गेली आहे.

गोदाकाठ_२१
पायथन आहे हो, त्यात तो प्रश्नच येत नाही. दोन नोडमधली वाटच, दुसरं काय असणार! ११ हवे, १२ येतात.

समतोल
आधी ट्री समतोल करून घ्या. एव्हीएल, म्हणजे स्वतःला समतोल ठेवणारं ट्री, १९६२ साली अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी मांडलं. उंची आटोक्यात राहते, सगळं भराभर होतं.

सातपूरकर
@समतोल, ट्री प्रश्नातच दिलेलं आहे. ते फिरवलं की शेजार बदलतो, वाटा बदलतात आणि भलत्याच ट्रीचं उत्तर येतं. एव्हीएल शोधण्याच्या कामाचं.
@गोदाकाठ, ती केस लिही ना इथे.

गोदाकाठ_२१
रूट १. डावीकडे ६, त्याखाली ३ आणि २. रूटच्या उजवीकडे −४.

पंचवटी_अप
इतकं कशाला? कुठल्याही नोडपासून सर्वात मोठ्या बेरजेचं टोक शोध, त्या टोकापासून पुन्हा तेच कर. दोनदा डीएफएस (एकेक फांदी टोकापर्यंत धुंडाळणं), संपलं. मी रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो, कसारा येईपर्यंत असे दोन प्रश्न कागदावर सुटतात. ही पद्धत कधी चुकलेली नाही.

सातपूरकर
उणे आकडे असले की चुकते. ५, −१००, ८, ७ अशी सरळ साखळी घ्या. ५ पासून निघालात तर सर्वात मोठी बेरीज ५ च, −१०० ओलांडणं परवडत नाही. दुसऱ्या फेरीतही ५. खरं उत्तर १५.

पंचवटी_अप
मान्य. मी वापरली तिथे नोड जोडणाऱ्या कडांवर अंतरं होती, उणं काही नव्हतं.

द्राक्षबाग
@गोदाकाठ, तुझी चूक ६ पाशी आहे. ३, ६, २ ही ११ ची वाट तिथेच वळून पूर्ण होते. तीच वर १ ला जोडलीस की ती वाट राहत नाही, तिला फाटा फुटतो. त्यातूनच १२ आले. सर्वात मोठीशी तुलना करताना दोन्ही बाजू धर, पण रिटर्न करताना एकच, जी मोठी ती: ६ अधिक ३, म्हणजे ९. रूटला १ अधिक ९, म्हणजे १०. −४ ला शून्य धरलंस ते बरोबर. ऑक्टोबरच्या छाटणीत आम्ही नुसता भार होणारी काडी ठेवत नाही, तसंच आहे हे.

रात्रपाळी
आणि सर्वात मोठी शून्यापासून सुरू केली असशील तर तेही बदल. रूट −७, खाली −३ आणि −५: उत्तर −३, तुला ० येईल. रूटच्या आकड्यापासून सुरू कर.

इंदिरानगर_आई
नाशिकमध्ये याचा सराव करून घेणारा क्लास कुणाला माहीत आहे का? मुलगी पहिल्या वर्षाला आहे, पुण्याला पाठवायचा धीर होत नाही.

पंचवटी_अप
ताई, क्लासची गरज नाही. कागद, पेन्सिल आणि रोज एक प्रश्न.

समतोल
असं कसं? सुरुवातीला समोर बसून शिकवणारं कुणीतरी लागतंच. मला मिळालं नव्हतं, दोन वर्षं चाचपडलो.

गोदाकाठ_२१
११ आले! −३ पण आलं. पण शेवटची केस अजून अडलीय, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) एरर देते. आता काय??

सातपूरकर
त्यात किती नोड आहेत?

गोदाकाठ_२१
१ लाख. सगळे एकाखाली एक.

रात्रपाळी
पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते. ती वाढव, एका ओळीचं काम.

सातपूरकर
वाढवून कधीकधी प्रोग्रॅमच कोसळतो, स्टॅक, म्हणजे अशा बोलावण्यांसाठीची मेमरी, पुरत नाही. रिकर्शनच काढ. रूटपासून नोड एका लिस्टमध्ये भर, आई आधी आणि मुलं नंतर. मग लिस्ट उलटी वाच. आईची पाळी येईल तेव्हा मुलांची उत्तरं तयार असतील. प्रत्येक नोडला एकदाच हात लागतो.

गोदाकाठ_२१
झालं!!! सगळ्या हिरव्या. दादा, तुमचे आणि द्राक्षबागवाल्यांचे खूप आभार.

सातपूरकर
आता लॅपटॉप मिट आणि कोऱ्या कागदावर पुन्हा सोडव. −४ च्या जागी ४ घे. किती येतात?

गोदाकाठ_२१
१४. वाट ३, ६, १, ४.