बोका दारात फवारे मारतो, काय केलंत? अनुभव सांगा

तळमजला_नाशिक
आमचं घर तळमजल्यावर, पुढे छोटंसं अंगण, शहाबादी फरशी, कडेला चपलांचा स्टँड आणि स्कूटर. गल्लीतला एक पिवळा, गालफडं सुजल्यासारखी दिसणारा दांडगा बोका पहाटे चक्कर मारतो आणि दाराची चौकट, चपलांचा स्टँड आणि स्कूटरचं मागचं चाक, तिन्हीवर पिचकारी ठरलेली. पावसाळी हवेत तर वास असा कोंडतो की पाहुणे चप्पल काढतानाच नाक मुरडतात. डांबर गोळ्या, निळीच्या पाण्याच्या बाटल्या, फिनेल, सगळं करून झालं, त्याला ढिम्म फरक नाही. मांजराला इजा होईल असं काही नको आहे, सासूबाई तर म्हणतात काशीला सोन्याचं मांजर द्यायची आपली ऐपत नाही. तर ज्यांचा बोका खरंच थांबला त्यांनी काय केलं ते लिहा, आणि ज्यांचं काहीच चाललं नाही त्यांनीही लिहा, म्हणजे ते तरी करायला नको.

चाळकरी
निळीच्या बाटल्यांचं मी खात्रीने सांगतो, आमच्या गॅलरीत आख्खी रांग लावली होती, बोक्याने एका बाटलीवरच धार सोडली.

गुरांची_डॉक्टरीण
ताई, आधी डांबर गोळ्या उचला. मांजरांना त्या विषारी आहेत आणि रांगतं मूल असेल तर त्यालाही. फिनेलचंही तसंच, त्यातली फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, ओल्या फरशीवरून चालून मग ते पंजे चाटतं आणि आजारी पडतं. तिखट-मिरपूडही नको, डोळ्यात जाते आणि तडफडतं बिचारं.

आता मुद्द्याचं. तुम्ही सांगताय ते मुतणं नाहीच, ती हद्द आखणं आहे. शेपूट ताठ उभी, टोक थरथरतंय, पाठ भिंतीकडे आणि उभ्या वस्तूवर थोडीशी पिचकारी, असं असेल तर तो बाकीच्या बोक्यांसाठी पाटी लावतोय. खाली बसून, माती उकरून, भरपूर करत असेल तर त्याला फक्त संडासाची जागा हवी आहे. दोन्हीचे उपाय वेगळे, आणि लोक इथेच घोळ घालतात, कुंडीत बसणाऱ्याला नसबंदी आणि पिचकारीवाल्याला संत्र्याची सालं. हद्दवाल्या बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं एक द्रव्य बरंच असतं, ते हवेत विघटन पावलं की गंधकयुक्त वास सुटतो, म्हणून ताज्यापेक्षा शिळा वास जास्त. खच्ची न केलेल्या बोक्यात हे सगळ्यात जास्त.

कोथरूडकरीण
वर डॉक्टरांनी म्हटलंय ते शंभर टक्के, पण मी सांगते आमच्याकडे प्रत्यक्षात कसं झालं, थोडं लांब आहे.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक कबरी भाटी राहायची, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती माजावर आली की आजूबाजूच्या तीन-चार सोसायट्यांचे बोके गोळा व्हायचे, रात्रभर रडारड, मारामाऱ्या, आणि सकाळी पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या टायरला प्रसाद. लोक बोक्यांच्या मागे काठी घेऊन लागायचे पण मुळात ते येत होते हिच्यासाठी. मांजरीचे दिवस साधारण दोन महिने, पिल्लं मोठी होतायत न होतायत तोवर परत तेच, आणि पिल्लांतल्या भाट्या पाचेक महिन्यांच्या झाल्या की त्याही लाइनीत. म्हणजे थांबायची काही सोयच नाही.

शेवटी आम्ही चौघींनी वर्गणी काढली आणि एका प्राणीप्रेमी ताईंकडून सापळ्याचा पिंजरा आणला. पहिल्या रात्री कुणाचातरी कुत्राच आत शिरायला बघत होता. मग सुके बोंबील ठेवले, वास पार तिसऱ्या मजल्यापर्यंत, आणि भाटी आली. पिंजऱ्यात अडकली की लगेच वरून जाड चादर टाकायची, अंधार झाला की ती शांत होतात, नाहीतर जाळीवर तोंड आपटून घेतात. ऑपरेशनआधी किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारूनच करा. तिचं पोट उघडून ऑपरेशन असतं म्हणून काही दिवस ठेवून घेतलं, आणि मग त्या पिवळ्या-पांढऱ्या दोन बोक्यांचा नंबर, त्यांचं मात्र पटकन होतं, दुसऱ्या दिवशी पठ्ठे जेवायला हजर. डाव्या कानाचं टोक थोडं कापतात, म्हणजे पुढच्या वेळी लांबूनच कळतं की याचं झालंय, परत पकडायला नको.

फरक लगेच नाही हां पडत. अंगातलं हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, तेवढ्यात शेजारच्या काकांनी "पैसे वाया" असं जाहीर करूनही टाकलं. पण नंतर मारामाऱ्या थांबल्या, टायर कोरडे. दोनातला एक पूर्ण बंद झाला, दुसरा अजून कधीतरी एखादी मारतो पण पूर्वीचा तो डोक्यात जाणारा वास नाही त्याला.

गुरांची_डॉक्टरीण
बरोबर, दहातला एखादा बोका खच्ची केल्यावरही फवारे मारत राहतो, सवय म्हणून किंवा नवीन मांजर आल्याच्या ताणाने. दहातले नऊ सुधारतात हे काय कमी आहे.

सेक्रेटरी_नाइलाजाने
आमच्या सोसायटीत ठराव झाला होता की मांजरं पोत्यात घालून लांब सोडून यायची. वॉचमनने सोडली पण. एक परत आलं, दोन आली नाहीत, आणि महिनाभरात त्यांच्या जागी दुसरे दोन हजर, ते तर आधीच्यांपेक्षा तरुण आणि जोरात, नवी हद्द म्हणून भिंत न् भिंत रंगवली. जागा आणि खाणं आहे तोवर ती मोकळी राहत नाही. शिवाय एका मेंबरने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं पत्र दिलं, तो विषय तिथेच संपला. आता जी बाई मांजरांना खायला घालते तिच्याशी भांडण्याऐवजी एवढंच ठरवलंय, की खाणं मागच्या कंपाउंडला, ठरलेल्या वेळी, आणि अर्ध्या तासात भांडं उचलायचं. मला मांजरं आवडत नाहीत, पण हे चालतंय.

कुंड्यांचा_पसारा
माझा प्रश्न दुसरा होता, बाल्कनीतल्या मोठ्या कुंड्यांत येऊन बसायचं आणि तुळस जळायची. संत्र्याची सालं दोन दिवस चालतात, वाळली की संपलं. कॉफीचा चोथा घातला तर बुरशी आली. खरा उपयोग झाला तो कोंबडीच्या जाळीचा, कुंडीच्या तोंडाएवढी गोल कापायची, खोडासाठी मधे फट ठेवायची, वरून पातळ माती. पंजाने उकरता आलं नाही की मांजर तिथे बसत नाही. जाळी नसेल तर बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या बोथट बाजू वर करून खोचा, दाट खोचा, चार काड्यांना ते विचारत नाही. आणि खाली बागेच्या कोपऱ्यात एका जुन्या घमेल्यात वाळू ठेवली, आता तिथे जातं. त्या घमेल्याची सफाई मात्र माझ्याकडे आली, नवरा म्हणतो मांजर तुझं.

पडवीवाली
आम्ही सिंधुदुर्गातले, इथे प्रत्येक घरात एक तरी मांजर हवंच, नाहीतर उंदीर कौलांवर नाचतात. पडवीत लाकडं आणि भाताची पोती, त्यावर परक्या बोक्याचा डोळा. आमची आई पोत्यांभोवती करवंदीच्या काटेरी फांद्या टाकते. मच्छी साफ केलेलं पाणी अंगणात ओतत नाही, लांब माडाच्या बुंध्यात ओततो. यापलीकडे काही केलेलं नाही, आणि थोडंफार सोसतो.

वासाचा_वैरी
सगळे मांजराबद्दल बोलतायत, फरशीबद्दल कोणी बोलेना. जुना वास राहिला तर तो बोका रोज येऊन तिथेच नूतनीकरण करणार, हवा असो नसो. माझी पद्धत सांगतो. पहिलं म्हणजे रात्री अंधार करून यूव्ही टॉर्च मारा, डाग चमकतात, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा दुप्पट जागा निघतील, चौकटीच्या खालच्या फटीत तर नक्की. मग साधं पाणी मारून पुसा. मग पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते भरपूर ओता, नुसतं फवारून पुसून टाकू नका, ओलं राहू द्या आणि आपोआप वाळू द्या, एन्झाइमला वेळ लागतो. आधी फिनेल किंवा साबण लागलेला असेल तर धुऊन काढा, नाहीतर एन्झाइमचं काम बिघडतं. चौकटीचं लाकूड मुरलेलं असेल तर दोनतीनदा करावं लागतं, आणि अगदीच मुरलं असेल तर घासून पॉलिश किंवा ऑइलपेंट.

ब्लीच अजिबात नको. मुतातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो, बंद जिन्यात डोळे आणि घसा धरतो. अमोनियावाली क्लीनर पण नको, बोक्याला वाटतं आणखी एक गडी येऊन गेला.

तळमजला_नाशिक
व्हिनेगर चालेल का? घरात आहे.

वासाचा_वैरी
टाइल्सवर चालेल, अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर. तुमची शहाबादी आहे ना, मग नको, तो चुनखडीचा दगड आहे, आम्लाने पांढरे चट्टे पडतात. कडप्पा आणि मार्बललाही तेच. तिथे फक्त एन्झाइम, किंवा खाण्याचा सोडा भुरभुरून झाडून टाका, तेवढ्यापुरता वास कमी होतो.

पाचवा_महिना
मला पाचवा चालू आहे आणि जाऊबाई म्हणतात मांजराच्या मुताने बाळाला धोका असतो, दारातून जाऊ पण देत नाहीत. खरंय का हे?

गुरांची_डॉक्टरीण
तो धोका टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूचा, आणि तो विष्ठेतून पसरतो, मुतातून नाही. ताज्या विष्ठेतही लगेच लागण होण्याच्या स्थितीत नसतो, त्याला एक ते पाच दिवस लागतात. तेव्हा दारातून बिनधास्त जा. कुंडीतल्या मातीत हात घालू नका, घालायचाच तर ग्लोव्ह्ज, भाज्या नीट धुवा, मटण पूर्ण शिजलेलं खा. वाळूचं घमेलं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करावं. आणि हे सगळं तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाही विचारा.

लंडनच्या_उपनगरातून
इथे शेजाऱ्यांची पाळलेली मांजरं खुशाल आपल्या बागेत येतात, आणि मांजर दुसऱ्याच्या आवारात शिरलं म्हणून मालकाला कायद्याने काही फारसं धरता येत नाही, तेव्हा तक्रार करून उपयोग शून्य. बहुतेक खच्ची केलेली असतात म्हणून पिचकाऱ्या कमी, बाकी वाफ्यात बसणं आहेच. मी सेन्सरवालं स्प्रिंकलर लावलं, समोर काही हललं की पाण्याचा फवारा. मांजरं चपापून पळतात, इजा काही नाही. पोस्टमनलाही लागला दोनदा, त्यामुळे दिवसा बंद ठेवतो. कर्कश आवाजाचं यंत्रही घेतलं होतं, आपल्याला ऐकू येत नाही ते, पण शेजारचं म्हातारं मांजर त्याच्या शेजारीच ऊन खात बसायचं, बहुतेक बहिरं होतं.

घुशींचा_अनुभव
एक उलटी बाजू मांडतो. आमच्या गल्लीत बोके कमी झाले आणि घुशींनी ड्रेनेज पोखरलं, पार्किंगची फरशी खचली, गाड्यांच्या वायरी कुरतडल्या. त्यानंतर मी बोक्याच्या मागे लागणं सोडलं. खच्ची करा, पण गल्लीत राहू द्या, खच्ची केला तरी उंदीर मारतोच तो.

कोथरूडकरीण
अगदी. आणि नाशिकच्या ताई, पिंजरा लावाल तेव्हा आधी आसपास विचारा हं की हा कुणाचा पाळलेला तर नाही, आमच्याकडे एकाचा बोका नसबंदी होऊन परत गेला आणि मालकाने चार महिने बोलणं टाकलं.

चाळकरी
स्कूटरचं कव्हर कापडी असेल तर फेकून द्या, धुऊन वास जात नाही. प्लॅस्टिकचं घ्या आणि खाली जमिनीपर्यंत ओढून इलॅस्टिक अडकवा, मागचं चाक उघडं राहिलं तर कव्हर असून नसल्यासारखं. चपलांचा स्टँड दारवाला मिळतो, किंवा सध्या चपला आत घ्या आणि स्टँड एन्झाइमने धुऊन आठवडाभर उन्हात उलटा ठेवा.

तळमजला_नाशिक
बोका कुणाचाच नाही, गल्लीत विचारून आले. समोरच्या आजी त्याला दूध घालतात, त्यांनी पिंजरा लावायला हरकत नाही म्हटलंय, फक्त ऑपरेशनहून आल्यावर पहिलं दूध त्याच पाजणार म्हणाल्या.

गुरांची_डॉक्टरीण
दूध नको म्हणावं, मोठ्या मांजरांना बहुतेक पचत नाही, जुलाब होतात. भुलीचा अंमल पूर्ण उतरल्यावर थोडी शिजवलेली कोंबडी द्या, बिनमिठाची, हाडं काढून.