मदत हवी आहे: चार रिंगच्या फाईलीत बायरचे कागद बसत नाहीत

पुठ्ठेवाला_वसई:
२,४०० रिंग फाईली बायरकडे पोचल्या. तो म्हणतो, कागद बसत नाहीत. ऑर्डरमध्ये "ए४, चार रिंग" एवढंच होतं आणि तेच दिलंय. पेमेंट अडकलंय. क्लिप (रिंगांची धातूची पट्टी) बदलून देता येते का? प्लीज लवकर सांगा.

कागदकाम:
देश कोणता? तुमच्या क्लिपवर रिंगांमधलं अंतर किती? "चार रिंग" हे माप नाही हो.

निर्यातमित्र:
अमेरिका असणार. तिथे तीन भोकं, दोन भोकांत सव्वाचार इंच म्हणजे १०८ मिमी. कागदही लेटर, साडेआठ बाय अकरा इंच. चार रिंग तिथे चालणारच नाहीत.

कागदकाम:
अहो, ऑर्डर ए४ची आहे असं त्यांनी लिहिलंय. अमेरिका कुठून आली?

डी_रिंग_प्रेमी:
गोल रिंग लावली असेल तर तीच चूक. डी रिंगमध्ये (इंग्रजी D च्या आकाराच्या) गठ्ठ्याची कड सरळ राहते आणि त्याच मापात कागद जास्त मावतात. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी, म्हणजे २५ मिमीत २५० पानं.

कागदकाम:
रिंगचा आकार कुणी विचारला? इथे भोकंच जुळत नाहीत.

पुठ्ठेवाला_वसई:
डी रिंगच आहे. अंतर ८०-८०-८०. माल स्वीडनला गेलाय.

कागदकाम:
मग उलगडलं! तुम्ही दिली ती ८८८ क्लिप, म्हणजे ८०-८०-८० ची. आयएसओ ८३८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोन भोकांत ८० मिमी, भोक ६ मिमीचं, कडेपासून मध्य १२ मिमी. असा कागद ८८८च्या मधल्या दोन रिंगांत नीट बसतो. स्वीडनमध्ये मात्र ट्रायो चालतं: चार भोकं, अंतर २१-७०-२१. त्यातल्या कुठल्याही दोन भोकांत २१, ७०, ९१ किंवा ११२ मिमी येतात. ८० कुठेच नाही, म्हणून एका वेळी दोन रिंगांतही कागद जाणार नाही.

पुढच्या वेळी बायरकडून भोकं पाडलेला खरा कागद मागवा. फोटोवर जाऊ नका. मोजताना एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे मध्य शोधावा लागत नाही.

लाकूडपॅलेट:
पॅलेट लाकडी असतील तर हीट ट्रीटमेंटचा (कीड मारल्याचा) आयपीपीसी शिक्का आहे ना? नसेल तर युरोपात माल अडकतो.

पुठ्ठेवाला_वसई:
माल गोडाऊनमध्ये उतरलाय. प्रश्न क्लिपचा आहे. रिव्हेट ड्रिल करून ट्रायो बसवू का?

रिव्हेटवाला:
जमेल, पण करू नका. ८८८ची पट्टी २४० मिमीहून लांब, ट्रायोची बरीच आखूड. रिव्हेटच्या जागा जुळत नाहीत. डी रिंग मागच्या पुठ्ठ्यावर असते, त्यामुळे जुनी भोकं बाहेरून उघडी दिसतात आणि बायर पुन्हा नाकारतो. शिवाय ड्रिल घसरली की पुठ्ठ्यावरचं पीपी (प्लास्टिक) फाटतं. तिकडच्या मजुरीत नवी फाईल परवडेल.

निर्यातमित्र:
नवी क्लिप चीनची घेऊ नका, युरोपात अँटी डंपिंग (स्वस्त आयातीवरची जादा ड्युटी) लागायची.

कागदकाम:
अर्धवट माहिती. युरोपने १९९७ मध्ये रिंग क्लिपांवर आणि २००६ मध्ये लीव्हर आर्च (दांडीने उघडणाऱ्या) क्लिपांवर लावली होती, ती सुट्या यंत्रणेवर. आता लागू आहे का ते तपासा. कस्टमच्या कोडमध्ये सुटी धातूची क्लिप ८३०५ १० मध्ये, पुठ्ठ्याची फाईल ४८२० ३० मध्ये. यांच्या पुठ्ठ्यावर पीपी आहे, तेव्हा हेडिंग (कोड) नमुना दाखवून सीएचएकडून (कस्टम एजंटकडून) ठरवून घ्या.

पुठ्ठेवाल्यांनी आता एवढं सांगा: कव्हरवर बायरचं नाव छापलंय का?

पुठ्ठेवाला_वसई:
नाही. साधा काळा पीपी, पाठीवर फक्त लेबलचा खिसा.

कागदकाम:
मग माल वाया गेलेला नाही. दोन किंवा चार भोकांचा ८० मिमीचा कागद वापरणाऱ्या देशात, उदाहरणार्थ जर्मनी किंवा ब्रिटनमध्ये, तो खपेल. तिकडचा घाऊकवाला शोधा, बायरच्या गोडाऊनमधूनच उचलायला सांगा. स्वीडनसाठी नवा लॉट काढा. आधी ट्रायो क्लिपचे ५ नमुने कुरियरने पाठवा, त्याच्याच कागदावर तपासून लेखी होकार घ्या, मगच रिव्हेटिंग सुरू करा.

रिव्हेटवाला:
आणि नव्या लॉटमध्ये पुठ्ठ्याचा ग्रेन (तंतूंची दिशा) पाठीला समांतर ठेवा, आतून अस्तर लावा. एकाच बाजूला पीपी असेल तर पावसाळ्यातल्या कंटेनरमध्ये उघडी बाजू दमट होऊन पुठ्ठा वाकतो.

पुठ्ठेवाला_वसई:
बायरला आत्ताच लिहिलं, भोकं पाडलेले १० कागद पाठव म्हणून. ट्रायो क्लिप मुंबईत कुणाकडे तयार मिळते का?