गौतमीपुत्र सातकर्णी दोन आहेत
नाशिकच्या पांडवलेण्यांच्या २० क्रमांकाच्या लेण्यातल्या लेखातला 'गोतमिपुत' (गौतमीचा मुलगा) म्हणजे शक क्षत्रप नहपानाला हरवणारा सातवाहन राजाच, असं बरेचदा समजलं जातं. गफलत तिथेच होते. त्या लेखात 'गोतमिपुतस'पुढे 'सामि सिरि यञ' कोरलंय, म्हणजे हा यज्ञ सातकर्णी, राज्यवर्ष ७ (कारकिर्दीचं सातवं वर्ष). नहपानाची नाणी आपल्या छापाने पुन्हा ठोकणारा (जोगळटेंभीला सापडलेला नाण्यांचा साठा आठवा) गौतमीपुत्र बराच आधीचा. त्याचे १८व्या आणि २४व्या वर्षांचे लेख ३ क्रमांकाच्या लेण्यात आहेत. आकडे राज्यवर्षाचे असतात, शकाचे नव्हेत. नुसत्या आईच्या नावावर थांबू नका, पुढचा शब्द वाचा. नाणेघाटातल्या लेखातला, नागनिका राणीचा नवरा सातकर्णी तर तिसराच. कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णी भेटतो. त्याची राणी महाक्षत्रप (शक राज्यकर्त्यांची पदवी) 'रु...'ची मुलगी, पुढची अक्षरं तुटलीत, बहुतेक अभ्यासक तिथे रुद्रदामन वाचतात.