अपिलासाठी वकील कसा शोधलात? नाशिककरांनो, अनुभव सांगा

वडिलांचा दिंडोरीतला वाटपाचा दावा गेल्या महिन्यात आमच्या विरुद्ध गेला. जिल्हा न्यायालयात अपिलाला मुदत ३० दिवसांची. त्यातले पहिले नऊ दिवस मी सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) कोर्टाच्या आवारात नुसता फिरलो. जुनेच वकील ठेवायचे की नवे बघायचे, तेच ठरेना. शेवटी बाकावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "नक्कल मागितली का?" नव्हती मागितली! निकाल आणि हुकूमनाम्याच्या नकलेसाठी त्याच दुपारी अर्ज टाकला. नक्कल तयार व्हायला लागतात ते दिवस मुदतीतून वजा होतात, अर्जाआधी घालवलेले दिवस मात्र गेले ते गेले.

तीन वकिलांना भेटलो. दोघांनी कागद न उघडताच "होऊन जाईल" म्हणून फी सांगितली. तिसऱ्या बाईंनी पेन्सिल घेऊन निकालपत्र पहिल्या पानापासून वाचलं. मी पाऊण तास समोर गप्प बसून होतो. चौथ्या मुद्द्यावर त्या थांबल्या : "तुमच्या आत्यांचा उलटतपास कुठंय?" वकीलपत्रावर तिथेच सही केली.

तुमचं कसं झालं? मनापासून लिहा, इथे बरेच जण अडलेले असतात.

नाशिकरोडहून :
आमचं पहिलं अपीलही फेटाळलं गेलं. जळगावच्या पाहुण्यांनी छत्रपती संभाजीनगरचे वकील सुचवले, पण त्यांचा जिल्हा उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाकडे, आपला नाशिक मुंबईकडे. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. तिथल्या वकिलांनी दोन्ही निकाल वाचून सरळ सांगितलं, की दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो, "पुरावा पुन्हा तोला" एवढ्यावर ते उभं राहत नाही. आम्ही अपील केलं नाही. आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तरीही त्या माणसाबद्दल मला आदर आहे. होकार देऊन फी घेणं त्याला सहज जमलं असतं.

सिडकोतून :
कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमधल्या आदेशावर मला सत्र न्यायालयात जायचं होतं. हातात पैसा नव्हता. मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. "फुकटचा वकील लक्ष देत नाही" असं सगळ्यांनी ऐकवलं. माझ्या वकीलताई एकही तारीख चुकल्या नाहीत. बहिणींनो, विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकाला फोन करा, लाजू नका.

सातपूरहून :
चेक बाउन्समध्ये भावाला शिक्षा झाली. अपिलात भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायचा आदेश होऊ शकतो, हे नव्या वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, म्हणून पैशांची सोय करता आली. जुन्या वकिलांनी वकील बदलायला ना-हरकत दिली, पण साक्षींच्या प्रती अजून दिलेल्या नाहीत. शनिवारी पुन्हा जातोय.